वाण नाही पण गुण लागतो: संगत बदलण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सहा वर्षं आम्ही नऊ जण दर आठवड्याला दोन तास एका खोलीत जमतो. मी भाषांतर करते, कुणी मातीची भांडी घडवतं, कुणी सॉफ्टवेअर लिहितं, एक जण निवृत्तीनंतर व्हायोलिन शिकतोय. ज्याने त्याने आपलं अर्धवट काम आणायचं, दाखवायचं आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, एवढाच कार्यक्रम. याविषयी कुठे बोलले की मागोमाग प्रश्न येतात, आणि बहुतेक वेळा तेच ते. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, अडचणीचे पुढे आहेत.

१. ‘चांगली संगत’ म्हणजे नेमकी कोणाची? महत्त्वाकांक्षी माणूस ओळखायचा कसा?

मोठमोठी स्वप्नं सांगतो तो महत्त्वाकांक्षी, अशी एक समजूत आहे. मी तिच्यावर विसंबत नाही. ‘सध्या काय चाललंय?’ असं विचारून बघा. काही जण कुणाचं काय चुकलं ते सांगतात. काही जण पुढच्या पाच वर्षांचा आराखडा मांडतात. आणि एखादा जरा ओशाळून म्हणतो, ‘एक गोष्ट करून बघतोय, पण अजून जमत नाहीये.’ या तिसऱ्याला सोडू नका. त्याच्या हातात काहीतरी आहे, ते पुरं झालेलं नाही हे त्याला कळतंय, आणि तरी त्याने ते टाकून दिलेलं नाही. पद, पैसा, वय यांचा इथे काही संबंध नाही. आमच्यातली सगळ्यात चिवट बाई ७८ वर्षांची आहे. कविता लिहायला बसली तीच मुळी पंचाहत्तरीनंतर.

२. मी ऑनलाइन नुसतं वाचतो, कुणाशी वाद घालत नाही. मग त्याला ‘संगत’ कसं म्हणता येईल?

ढवळ्याशेजारी बांधलेला पवळ्याही ढवळ्याशी वाद घालत नव्हता. शेजारी उभा होता, तेवढ्यावर गुण लागला.

याची एक मोजदादही झालेली आहे. जानेवारी २०१२ मध्ये फेसबुकने आठवडाभर ६,८९,००३ वापरकर्त्यांच्या फीडमध्ये त्यांना न सांगता फेरफार केला. काहींना आनंदी मजकूर कमी दिसेल असं केलं, काहींना दुःखी. ज्यांच्यासमोरचा आनंदी मजकूर घटला, त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यातही आनंदी शब्द घटले आणि नकारात्मक शब्द किंचित वाढले. २०१४ मध्ये हे छापून आलं तेव्हा लोकांची संमती घेतली नव्हती म्हणून गदारोळ झाला, आणि तो रास्तच होता. परिणाम अगदी बारीक होता हेही सांगितलं पाहिजे. पण तो एका आठवड्याचा होता. तुम्ही किती वर्षं वाचताय?

३. मग वाईटाकडेच लक्ष का जातं? माझाच स्वभाव कुजका आहे का?

नाही. माणसाच्या मनाची घडणच अशी आहे की चांगल्यापेक्षा वाईट जास्त खोल रुततं. दहा जणांनी कौतुक केलं आणि एकाने नाक मुरडलं तर रात्री अंथरुणावर कोण आठवतं, हे वेगळं सांगायला नको. २००१ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं तोवरचं संशोधन एकत्र करून पाहिलं, तेव्हा नाती, भावना, शिकणं, आठवणी अशा जवळजवळ प्रत्येक बाबतीत वाईटाचं पारडं जड निघालं.

त्यावर धंदा उभा राहिला आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका संकेतस्थळाच्या १,०५,००० मथळ्यांची तपासणी झाली. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की त्यावर क्लिक होण्याचं प्रमाण सुमारे २.३ टक्क्यांनी वाढत होतं. २०१७ च्या आणखी एका अभ्यासात पाच लाखांहून अधिक ट्वीट तपासले गेले. त्यात नीती-अनीतीचा संताप किंवा तसाच भाव असलेला प्रत्येक शब्द ट्वीटचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढवताना दिसला. म्हणजे लिहिणाऱ्याला चिडून लिहिण्याचं बक्षीस मिळतं आणि वाचणाऱ्याच्या पुढ्यात तेच येत राहतं. त्यात २००६ मध्ये आलेली, न संपणाऱ्या स्क्रोलची सोय. पूर्वी पान संपायचं, तेव्हा निदान उठायला निमित्त तरी मिळायचं.

४. सगळी खाती बंदच करून टाकू का?

करायची असतील तर करा, पण आधी त्या वेळात काय करणार ते ठरवा. मी पूर्वी दोनदा सगळं बंद केलं आणि दोन्ही वेळा पंधरवड्यात परतले, कारण रात्री नऊ ते अकरा या वेळात दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. तिसऱ्या खेपेला आधी आठवड्याची एक संध्याकाळ माणसांसाठी बांधून घेतली, मग ॲप काढलं. ते टिकलं.

खातं ठेवायचं असेल तर एक आठवडा कागद-पेन्सिल घेऊन बसा. कुठलंही खातं वाचून झाल्यावर हात काहीतरी करायला शिवशिवले तर बरोबरची खूण, नुसतं तोंड चालवावंसं वाटलं तर फुली. फुलीवाल्यांना म्यूट करा. समोरच्याला ते कळत नाही, त्यामुळे भांडणही होत नाही. ज्या शब्दांवरून तुमचं डोकं फिरतं ते शब्दही बहुतेक ठिकाणी म्यूट करता येतात. आणि फीड कालक्रमाने लावायची सोय असेल तर ती लावा; मग तुम्हाला भडकवणारी पोस्ट मुद्दाम वर आणून ठेवली जात नाही.

५. नातेवाइकांच्या ग्रुपवर दिवसभर विष चालतं. सोडला तर रुसवे-फुगवे होतील.

सोडू नका. व्हॉट्सॲपवर ग्रुप ‘कायमचा’ म्यूट करता येतो आणि अर्काइव्हमध्ये टाकला की नवा मेसेज आला तरी तो वर येत नाही. आठवड्यातून एकदा उघडून वाढदिवस, आजारपणं बघा. सोडायचाच झाला तर २०२२ पासून तुम्ही बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण ॲडमिन आत्याच असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

६. ‘आपण आपल्या जवळच्या पाच माणसांची सरासरी असतो’ हे खरं आहे का?

हे वाक्य जिम रोन या अमेरिकन वक्त्याच्या नावावर सांगितलं जातं. ते व्याख्यानातलं वाक्य आहे, संशोधनातला निष्कर्ष नव्हे. पाच हा आकडा कुणी मोजलेला नाही.

संगतीच्या परिणामावर गंभीर काम झालेलं आहे. २००७ मध्ये १२,०६७ माणसांची ३२ वर्षांची नोंद तपासली गेली आणि मित्र लठ्ठ झाला की आपण लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढते, असं त्यात निघालं. लगेच आक्षेप आला: गुण लागतो, की सारख्या गुणाची माणसंच आधी जवळ येतात? हा वाद खरा आहे आणि तो दोन वाक्यांत मिटणारा नाही. माझ्यापुरतं बोलायचं तर दोन्ही घडतं. आणि कुठलंही खरं धरलं तरी करायचं काम तेच राहतं, ते म्हणजे ज्या गोठ्यात उभं राहायचं तो गोठा निवडणं.

एक इशारा मात्र. त्या वाक्याचा आधार घेऊन ओळखीच्या माणसांना गुण देत बसू नका. मी एकदा वहीत तशी यादी केली होती. ती फाडून टाकली तेव्हा हलकं वाटलं.

७. माझ्या ओळखीत असं कुणीच नाही. ही माणसं भेटतात कुठे?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. बहुतेकांची चूक अशी होते की ते ‘महत्त्वाकांक्षी माणसं’ शोधायला निघतात आणि ओळखी वाढवण्याच्या समारंभांना जातात. तिथे सगळे एकमेकांना शोधत असतात आणि कुणाच्याच हातात काम नसतं. दोन तास नावं विचारण्यात जातात.

माणसं शोधू नका, काम शोधा. जिथे तेच काम पुन्हा पुन्हा, ठरलेल्या वेळी होतं अशी जागा: संध्याकाळचा वर्ग, नाटकाची तालीम, वाचनालयातलं चर्चामंडळ, गायनवृंद, दुरुस्तीची कार्यशाळा, मुक्त सॉफ्टवेअरचा एखादा प्रकल्प. तिथे जाऊन पहिले तीन आठवडे कुणाशी दोस्ती करायची घाई करू नका. कोण वेळेवर येतं, कोण वेळ संपली तरी मागे रेंगाळतं, कोण चुकलेलं पुन्हा करतं, एवढंच बघा. रेंगाळणारा माणूस तुमचा.

दुसरं, ‘ओळखीत कुणी नाही’ म्हणताना तुम्ही जवळच्यांची मोजणी करता. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दाखवून दिलं की नव्या संधी बहुतेकदा दूरच्या ओळखीतून येतात. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा. ‘नेहमी’ असं जेमतेम १७ टक्क्यांनी सांगितलं. ‘अधूनमधून’ असं साधारण ५६ टक्क्यांनी आणि ‘क्वचित’ असं २८ टक्क्यांनी. कारण साधं आहे: जवळच्या माणसाला जे माहीत ते तुम्हाला आधीच माहीत असतं. तेव्हा जुन्या सहकाऱ्याचा तो भाऊ, जो लाकडाची खेळणी करायचा म्हणे, त्याची चौकशी करा. असा एक ‘म्हणे’ प्रत्येकाच्या ओळखीत असतो.

८. ज्याचं काम आवडतं अशा अनोळखी माणसाला पहिला मेसेज काय करायचा?

बहुतेक मेसेज असे असतात: ‘सर, तुमचं काम खूप प्रेरणादायी आहे. मलाही या क्षेत्रात काहीतरी करायचंय. मार्गदर्शन कराल का?’ याला उत्तर काय द्यायचं हे समोरच्याला सुचत नाही, म्हणून तो देत नाही. त्यात उद्धटपणा नसतो.

त्याऐवजी असं लिहून बघा: ‘तुमच्या त्या चित्रात मागच्या भिंतीची सावली निळी आहे. मी तसा प्रयत्न केला तर माझी सावली मळकट दिसते. सोबत फोटो जोडलाय. निळा रंग आधी लावता की शेवटी?’ चार ओळी, एक नेमका प्रश्न, आणि तुम्ही हात चालवल्याचा पुरावा.

रामानुजनचं पत्र आठवा. जानेवारी १९१३ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या या कारकुनाने केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलं, तेव्हा सुरुवातीला स्वतःची ओळख थोडक्यात करून दिली आणि मागे पानंच्या पानं प्रमेयं जोडली, सुमारे १२०. त्याआधी इतर नामवंत गणितज्ञांकडून काही दाद मिळालेली नव्हती. हार्डींनी ती पानं लिटलवुड या आपल्या सहकारी गणितज्ञासोबत बसून तपासली आणि पुढच्या वर्षी रामानुजन केंब्रिजला पोचला. आपण कुणी रामानुजन नाही, हे मान्य. पण पत्राची ती ठेवण, म्हणजे ओळख थोडी आणि काम भरपूर, आपल्यालाही जमण्यासारखी आहे. उत्तर नाही आलं तर महिन्याने एकदा आठवण करा. तिसऱ्यांदा नको.

९. ओळख झाली, पण मैत्री होत नाही. माझंच काही चुकतंय का?

बहुधा तास कमी पडतायत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास सहवास लागतो, मित्र म्हणावं इतकं व्हायला ९० तास, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. आठवड्याला दोन तास धरले तर ५० तासांना जवळपास सहा महिने होतात आणि २०० तासांना दोन वर्षं. लोक तिसऱ्या आठवड्यात निराश होऊन मला लिहितात. सहा तास झालेले असतात!

१०. स्वतःचाच गट सुरू करायचा असेल तर कसा करावा?

दोन माणसांपासून सुरू करा. गटाचं नाव, लोगो, नियमावली यांत पडू नका. ज्या गटांचा लोगो आधी तयार झाला त्यांतला एकही माझ्या पाहण्यात वर्षभर टिकलेला नाही. दिवस आणि वेळ पक्की ठेवा. ‘सगळ्यांना कधी जमेल?’ हा मेसेज गेला की गट संपलाच म्हणून समजा.

बेंजामिन फ्रँकलिनने १७२७ मध्ये फिलाडेल्फियात असा गट काढला होता, जुंटो नावाचा. तो तेव्हा २१ वर्षांचा, छापखान्यात काम करणारा. दर शुक्रवारी संध्याकाळी बैठक, सभासद बाराच, प्रत्येकाने पाळीने चर्चेसाठी प्रश्न आणायचे आणि तीन महिन्यांतून एकदा स्वतः लिहिलेला निबंध वाचायचा. चर्चेत ठासून बोललं किंवा दुसऱ्याचं म्हणणं थेट खोडलं तर किरकोळ दंड. या मंडळींनी पुस्तकं एकत्र केली, आणि त्यातून १७३१ मध्ये वर्गणीवर चालणारं वाचनालय उभं राहिलं. मला त्यातला दंडाचा भाग सगळ्यात आवडतो. आम्ही दंड घेत नाही, पण ‘हे चूक आहे’ असं न म्हणता ‘मी इथे अडखळलो’ असं म्हणायचं, हा नियम तिथूनच उचलला.

आमची बैठक कशी चालते त्याचा नमुना सांगते. मागे आमची कुंभारकाम शिकणारी मैत्रीण एक कप घेऊन आली. कपाला चीर नव्हती, पण कान निखळून हातात आला होता. लागोपाठ चौथा. ती रडकुंडीला आलेली. कप एकेकाच्या हातातून फिरला. व्हायोलिनवाल्याने जोडाच्या जागेवर नख फिरवून पाहिलं: गुळगुळीत. सॉफ्टवेअरवाला, ज्याने मातीला कधी हात लावला नव्हता, त्याने विचारलं, ‘जोडताना दोन्ही तुकडे सारखेच ओले होते का?’ ती गप्प झाली. कप ती सकाळी चाकावर घडवत होती आणि कान संध्याकाळी ताज्या मातीचा वळत होती. कप तोवर बराच सुकून, आकसून गेलेला असायचा. ओला कान मागाहून आकसायचा आणि जोड सोडून द्यायचा. पुढच्या आठवड्यात तिने दोन्ही एकाच ओलीवर ठेवले, जोडाच्या जागी आडव्यातिडव्या रेघा ओरखडल्या, पातळ माती लावून कान दाबला. तो कप आता माझ्या टेबलावर आहे, पेन्सिली ठेवायला.

आणखी एक. नव्या कल्पना काढायच्या असतील तर त्या घरून लिहून आणा, बैठकीत नुसत्या निवडा. १९८७ च्या एका प्रयोगात दिसलं की एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसली तर जास्त कल्पना निघतात, कारण गटात दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत आपली पाळी येत नाही.

११. म्हणजे टीका नकोच, नुसती वाहवा करणारे जमवायचे? मग ‘निंदकाचे घर असावे शेजारी’ त्याचं काय?

त्या म्हणीतला ‘शेजारी’ हा शब्द लोक वाचायचा विसरतात. शेजाऱ्याला तुमचं अंगण दिसतं. तुम्ही पहाटे उठता की नाही, दिवा किती वाजेपर्यंत चालू असतो, हे त्याला माहीत असतं. आणि तो बोलला तर उद्या तुम्हाला तोंड दाखवायचं आहे हेही त्याला माहीत असतं. टोपणनावामागून एक ओळ फेकून पुढे जाणाऱ्याचं घर तुमच्या शेजारी नाही. त्याला घरच नाही. समोरचा दिसत नसला आणि आपलं नावही झाकलेलं असलं की माणसाचा संकोच सुटतो, हे जॉन सुलर या मानसशास्त्रज्ञाने २००४ मध्येच मांडलं होतं. एरवी सभ्य असलेली माणसंही तिथे ढिली पडतात. मीही पडले आहे, त्याविषयी प्रश्न १३ मध्ये.

टीका घ्यायची की नाही हे ठरवताना मी एकच बघते: बोट ठेवता येतं का? ‘तिसऱ्या परिच्छेदात बोलणारा माणूस अचानक बदलला’ यावर बोट ठेवता येतं. ‘हल्ली भाषांतरं वाचवत नाहीत’ यावर नाही. पहिलं कितीही कडवट असलं तरी गिळावं.

वाहवा करणारे मात्र खरोखरच घातक. त्यांच्यात बसून काम सुधारत नाही आणि बाहेर पडल्यावर पहिल्याच फटक्याला माणूस कोसळतो. १८७४ मध्ये पॅरिसमध्ये ज्या चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाला वळसा घालून स्वतःचं प्रदर्शन भरवलं, त्यांची एका समीक्षकाने ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणून टर उडवली. ते नाव त्यांनी पुढे स्वतःला लावून घेतलं. त्यामागे वर्षानुवर्षांची संगत होती: एकमेकांच्या स्टुडिओत राहणं, शेजारी शेजारी ईझल लावून तेच पाणी रंगवणं. एकमेकांचं काम इतकं जवळून बघणाऱ्यांत खोटी स्तुती फार काळ चालत नाही.

१२. हुशार माणसांत बसलं की मी आणखीच खुजी वाटते. त्यापेक्षा एकटी बरी.

त्यांचं पुरं झालेलं काम बघत असाल तर वाटणारच. अर्धवट काम बघायला मागा. ज्याचा तुम्हाला धाक वाटतो त्याचा पहिला खर्डा एकदा हातात आला की निम्मा धाक उतरतो. आणि जमत असेल तर तुमच्याहून पुढची, बरोबरीची आणि मागची अशी तिन्ही प्रकारची माणसं ठेवा. मागच्याला समजावून सांगताना आपल्याला किती येतं ते कळतं.

तुम्हाला मुळातच एकटं काम करायला आवडत असेल तर गोष्ट वेगळी. मग महिन्यातून एक माणूस आणि एक तास पुरे. मोठा गट सगळ्यांना मानवतोच असं नाही.

१३. आमचा गट चांगला चालला होता, आता नुसती तक्रारमंडळी झाली आहे. काय करावं?

आमचंही झालं होतं, आणि सुरुवात मी केली होती. एका प्रकाशकाने माझे पैसे अडकवले. पहिल्या आठवड्यात मी ते सांगितलं, सगळ्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा सांगितलं. तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कुणी आपल्या साहेबाचं काढलं. चौथ्या आठवड्यापर्यंत एकही जण काम घेऊन येत नव्हता, आणि गंमत म्हणजे हजेरी वाढली होती! मी तर घरी जाऊन त्या प्रकाशकाच्या पोस्टखाली टोपणनावाने टोमणे लिहीत होते. आठवून आजही कान गरम होतात.

शेवटी कविता लिहिणाऱ्या आजींनी विचारलं, ‘आपण इथे कशाला येतो गं?’ त्या दिवसापासून पहिली दहा मिनिटं तक्रारीची, टायमर लावून. टायमर वाजला की वस्तू टेबलावर. ज्याच्याकडे वस्तू नाही त्याने ऐकायचं. पैसे अखेर नोटीस पाठवून मिळाले, कुरकुरून नाही.

१४. जुना मित्र सतत रडगाणं गातो. त्याला तोडू का?

आधी एक फरक करा. ज्याच्यावर संकट कोसळलंय, नोकरी गेलीय, घरात आजारपण आहे, तो ‘नकारात्मक माणूस’ नाही. तो अडचणीतला मित्र आहे आणि त्याच्याशेजारी बसणं हे तुमच्या कामापेक्षा मोठं आहे. ‘माझी ऊर्जा जपतो’ म्हणत अशांना टाळणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या महत्त्वाकांक्षेबद्दल मला फारसा आदर नाही. मित्राला कशातच रस वाटेनासा झाला असेल, झोप-भूक उडाली असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर त्याला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. सोबत जा.

वर्षानुवर्षं सगळं ठीक असून ज्याची कुरकुर थांबत नाही, त्याच्यासोबत भेटीची रीत बदला. समोरासमोर बसून गप्पा मारण्याऐवजी एखादं काम एकत्र करा. सायकल दुरुस्त करा, भिंत रंगवा, चालायला जा. हात गुंतले की बोलण्याचा सूर बदलतो. तरीही नाही बदलला, तर भेटी विरळ करा. तोडण्याची घोषणा कशाला?

१५. जगात अन्याय चाललेला असताना फीड बंद करून आपल्या गटात रमणं हा पळपुटेपणा नाही का?

राग येणं चांगलंच आहे. प्रश्न राग कुठे खर्च होतो, हा आहे. गेल्या महिन्यात तुम्ही कशाकशावर चिडलात त्याची यादी करा आणि समोर काय केलंत ते लिहा. यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे ‘शेअर केलं’ एवढंच असेल तर रमताय तुम्हीच. एक विषय निवडा आणि त्यावर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांत जाऊन बसा. तिथली माणसं बहुतेक बातम्या वाचण्यापेक्षा अर्ज लिहिण्यात गढलेली दिसतील. बातम्या दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, शेवट असलेल्या ठिकाणी वाचा. म्हणजे छापील वर्तमानपत्र, किंवा संपणारं बातमीपत्र.

१६. माझा व्यवसायच ऑनलाइन आहे. कमेंट वाचाव्याच लागतात.

मग प्रश्न ४ तुम्हाला पूर्ण लागू नाही. कमेंट दिवसातून एकदाच, काम संपल्यावर वाचा. काम सुरू करण्याआधी कधीच नाही. शक्य असेल तर आधी दुसऱ्या कुणाला चाळू द्या आणि बोट ठेवण्यासारख्या (प्रश्न ११) तेवढ्याच तुमच्याकडे येऊ द्या. धमकी, पाठलाग, खासगी माहिती उघड करणं ही टीका नाही. स्क्रीनशॉट तारखेसकट जपा, तक्रार नोंदवा आणि उत्तर देऊ नका.

१७. एका ‘यशस्वी लोकांच्या’ गटात बोलावलंय. सगळे खूप उत्साही आहेत, पण काहीतरी खटकतंय.

खटकतंय त्यावर विश्वास ठेवा. तीन गोष्टी विचारा: इथे लोक नेमकं काय बनवतात? आत यायला किंवा वरच्या पायरीवर जायला पैसे किंवा नवी माणसं आणावी लागतात का? आणि जुन्या मित्रांपासून, घरच्यांपासून लांब राहा, ते ‘नकारात्मक’ आहेत, असं सांगतात का? तिसऱ्याला ‘हो’ असेल तर त्याच दिवशी बाहेर पडा. संगत बदलण्याचं बोलणं विकाऊ झालंय, आणि हे विकणाऱ्यांना तुमचं एकटं पडणं फायद्याचं असतं. माणसं जोडून साखळी वाढवणाऱ्या योजना हीच भाषा वापरतात. त्यांच्या खोलीत सगळे टाळ्या वाजवतात, पण टेबलावर काहीच नसतं.

१८. कुणी माझी कल्पना चोरली तर?

चोरतात कधीकधी. नुसत्या कल्पनेपेक्षा केलेलं काम दाखवा. तारीख टाकलेला मसुदा स्वतःकडे ठेवा. पेटंट घ्यायचं असेल तर मात्र अर्ज करण्याआधी कुणालाच दाखवू नका, आमच्यासारख्या गटालाही. आधी जाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळणं अवघड होऊन बसतं.

१९. तुमच्या गटात येता येईल का?

खुर्च्या नऊच आहेत आणि सध्या भरलेल्या आहेत. दर तीन महिन्यांनी एकदा बाहेरच्यांसाठी दार उघडं ठेवतो, त्या दिवशी जमिनीवर बसायची तयारी असेल तर या. येताना काहीतरी अर्धवट घेऊन या, मोडलेलं चालेल. रिकाम्या हाताने आलात तरी आत घेऊ, पण दोन तास ऐकावं लागेल, आणि जाताना खुर्च्या रचायच्या असतात.